विद्यार्थ्यांचे मोबाईलवरील काम : पाठविणे, स्वीकारणे आणि राखणे

काही वर्षांपूर्वी निलंगा तालुक्यातील एका शाळेस भेट दिली असता प्रस्तुत लेखकाने इयत्ता सातवीच्या प्रकल्पांची नोंद पाहावयास मागितली. एका मुलीच्या नावापुढे ‘सादर नाही’ असा शेरा होता. मुलगी उभी राहिली व म्हणाली, “सर, मी पाठविलं होतं.” चौकशी करता असे कळले की, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाविषयी तिने आपल्या आजीस प्रश्न विचारले होते. गणपती विसर्जनानंतरची ती रात्र, पहाटे चारच्या सुमारास आलेला हादरा, पडलेली माळवदाची घरे, हे सर्व आजींनी आपल्या बोलीत सांगितले आणि मुलीने ते वडिलांच्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविले. पुढे शिक्षकांचा मोबाईल भरला म्हणून त्यांनी गटातील सर्व फाईली एकदम पुसल्या. वडिलांनी दरम्यान जुना मोबाईल देऊन नवा घेतला होता. आजी त्याच पावसाळ्यात वारल्या होत्या.

येथे मुलीचा दोष कोणता? तिने काम केले व पाठविलेही. परंतु पाठविलेले काम आणि सादर झालेले काम यांत अंतर असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आणि खरे पाहता ते तिच्या शिक्षकांनाही कोणी सांगितलेले नव्हते. सन २०१० पासून आपण सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करीत आहोत व त्यात प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय यांस गुण आहेत. सन २०२० मध्ये शाळा बंद राहिल्या तेव्हा हे काम मोबाईलवरून घेण्याची सवय लागली, आणि शाळा उघडल्यावरही ती बऱ्याच अंशी टिकली. सवय लागली, रीत मात्र लागली नाही.

वही घेतली तर तिच्या वेष्टनावर नाव, इयत्ता, विषय असतो. फाईलीस असे वेष्टन नसते. तिचे नाव हेच वेष्टन. मोबाईल आपण होऊन जे नाव देतो त्यात तारीख व क्रमांक यांपलीकडे काही नसते. चाळीस मुलांच्या अशा फाईली एकत्र आल्या म्हणजे कोणती कोणाची हे शिक्षकास उघडून पाहिल्यावाचून कळत नाही. यास्तव वर्ष, इयत्ता, हजेरी क्रमांक, मुलाचे नाव व विषय या क्रमाने नाव देण्याची सवय लावावी. हजेरी क्रमांक दोन अंकी लिहावा, म्हणजे ४ न लिहिता ०४ लिहावा; एरवी कित्येक यंत्रे १ नंतर १० व त्यानंतर २ अशी मांडणी करतात. मुलाखत असल्यास मुलाने आरंभीच आपले नाव, गाव व तारीख मोठ्याने उच्चारावी. फाईलीचे नाव पुढे कोणी बदलले तरी आतील आवाज साक्ष देतो.

आता पाठविण्याविषयी. व्हॉट्सॲपवर छायाचित्र किंवा चित्रफीत नेहमीच्या पद्धतीने पाठविली तर तिचा आकार लहान केला जातो व बारीक अक्षरे पुसट होतात. तीच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ स्वरूपात पोहोचते. वहीची आठ पाने आठ निरनिराळी छायाचित्रे म्हणून पाठविली की ती मागेपुढे होतात. त्यांची एकच पीडीएफ करावी. पानाचे छायाचित्र दारापाशी, उजेडात, आपली सावली पडू न देता घ्यावे. चित्रफितीचा मोह आवरावा, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे. एका मिनिटाची चित्रफीत मोबाईलच्या नेहमीच्या मांडणीत शंभर एमबीच्या आसपास जागा घेते, तर तितक्याच वेळेचे ध्वनिमुद्रण साधारण एक एमबीत बसते. ज्या गावी रेंज मिळविण्यासाठी गच्चीवर जावे लागते, तेथे हा फरक लहान नव्हे. मुलाखतीस आवाज पुरेसा असतो. मातीकाम, नाट्यप्रवेश किंवा विज्ञानाचा प्रयोग असेल तेव्हाच चित्रफीत मागावी.

गूगल ड्राईव्हवर काम ठेवून दुवा पाठविण्याची पद्धतही काही शाळांत आहे. तीत एक नेहमीची अडचण येते. ठेवणाऱ्याने परवानगी खुली केली नसेल तर दुवा उघडणाऱ्यास फाईल न दिसता परवानगी मागण्याची सूचना दिसते. पाठविणारा समजतो काम दिले. घेणारा समजतो काम आलेच नाही. संगणकावर जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूरही असाच घोटाळा करतो. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसविलेली असतात, आणि तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की निरर्थक चिन्हे उमटतात. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

स्वीकारणाऱ्याचे कर्तव्य मात्र याहून मोठे आहे. फाईल आली की ती उतरवून घ्यावी, कारण उतरवून न घेतलेली फाईल काही काळाने मिळेनाशी होते. ती उघडून पाहावी. ध्वनिमुद्रण असल्यास आरंभीचे व अखेरचे थोडे ऐकावे. अर्धवट राहिलेले मुद्रण अखेरीसच ओळखू येते. मग मुलास पोच द्यावी. ‘मिळाले, उघडले’ एवढे दोन शब्द पुरेत. केवळ दोन निळ्या खुणा ही पोच नव्हे. त्यांवरून संदेश पाहिला गेला इतकेच कळते, काम उघडले की नाही हे कळत नाही. साध्या वहीत तारीख, हजेरी क्रमांक, कामाचे नाव व ते कोठे ठेवले, अशी चार रकान्यांची नोंद ठेवावी. ‘सादर नाही’ हा शेरा त्या नोंदीशी ताडून पाहिल्याखेरीज लिहू नये, आणि लिहिण्यापूर्वी मुलास एकदा विचारावे.

मुदत ठरविताना घरची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. आपल्या भागात बहुधा घरात एकच मोबाईल असतो व तो वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर जातो. दुपारची मुदत दिल्यास हुशार मूलही मागे पडते. ऊसतोडणीस गेलेल्या कुटुंबांच्या मुलांस तर आठवड्याची सवलत द्यावी, आणि काम कागदावर आणून दिले तर ते तितक्याच आनंदाने घ्यावे.

दुसऱ्याची मुलाखत घ्यावयाची तर मुद्रणापूर्वी त्या व्यक्तीची संमती विचारण्यास मुलांना शिकवावे. मुलांचे चेहरे असलेल्या चित्रफिती पालकांच्या अनुमतीवाचून इतर गटांत पाठवू नयेत.

शेवटी जतनाविषयी. काम शिक्षकांच्या खाजगी मोबाईलवर राहिले तर बदलीबरोबर तेही जाते. म्हणून शाळेच्या नावाचे खाते असावे. गूगलच्या विनामूल्य खात्यात १५ जीबी जागा मिळते व ती ध्वनिमुद्रणे आणि पीडीएफ यांस बरीच वर्षे पुरते. दुसरी प्रत शाळेच्या संगणकावर किंवा पेनड्राईव्हवर, वर्षवार व इयत्तावार ठेवावी. बदली झालेल्या शिक्षकाने कार्यभार देताना कार्यभार यादीत साहित्य व नोंदवह्यांसमवेत हा पेनड्राईव्ह व त्या खात्याचा पासवर्ड यांचीही नोंद करावी, आणि येणाऱ्याने निदान एक फाईल उघडून पाहूनच यादीवर सही करावी.