आनुवंशिक हृदयस्नायुविकार आणि दाह

हृदयविकार म्हटला की रक्तवाहिनीतील अडथळा एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु रक्तवाहिन्या स्वच्छ असूनही हृदयाचा स्नायूच बिघडत जावा, असे काही विकार आई-वडिलांकडून मुलांकडे येतात. त्यांपैकी एकाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

ग्रीसमधील नॅक्सॉस बेटावरील काही कुटुंबांत मुले लोकरीसारखे केस घेऊन जन्माला येत. रांगू-चालू लागल्यावर त्यांच्या तळहातांची व तळपायांची कातडी जाड होई आणि पुढे वयात येताना हृदयाचे ठोके बिघडत. निकोस प्रोटोनोटारिओस व सहकाऱ्यांनी १९८६ साली या लक्षणांचा परस्परसंबंध मांडला. २००० साली त्यामागील जनुकीय दोष सापडला. तो प्लाकोग्लोबिन या प्रथिनाचा होता. शेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या सांध्यात हे प्रथिन असते, विटांमधल्या चुन्यासारखे म्हणा ना! केस, त्वचा व हृदय या तिन्ही ठिकाणी हेच सांधे आहेत.

सांधा सैल झाला की ठोक्यांच्या ताणाने पेशी विलग होऊन मरतात व त्यांची जागा चरबी आणि तंतुमय ऊती घेतात, असे मानले जाई. ते खोटे नव्हे, अपुरे आहे. अशा हृदयांत पांढऱ्या पेशींचे थवेही आढळत. ते केवळ साफसफाईला आले असावेत असे वाटे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मात्र दाखवले की स्नायुपेशी स्वतःच दाहकारक रसायने निर्माण करतात. असा दोष असलेल्या उंदरांत दाहाचा संदेशमार्ग औषधाने रोखताच विकाराची वाढही रोखली गेली.

याच सांध्यातील डेस्मोप्लाकिन प्रथिनाच्या दोषात तर तरुण माणसाच्या छातीत एकाएकी कळा येतात, रक्तातील ट्रोपोनिन वाढते, अँजिओग्राफी मात्र निर्दोष निघते. विषाणूमुळे झालेला स्नायुदाह, असे निदान होऊन रुग्ण घरी जातो. तो दाह पुन्हा उद्भवला, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात दगावले असेल, तर आनुवंशिक तपासणीचा विषय डॉक्टरांकडे जरूर काढावा, असे आम्हांस आग्रहाने वाटते.

दाहशामक औषधे अद्याप सर्वमान्य उपचार ठरलेली नाहीत. ती तज्ज्ञांच्याच निर्णयाने द्यावयाची. अतिश्रमाचे खेळ या विकाराला वेग देतात, म्हणून ते टाळावे लागतात. धोका मोठा असल्यास छातीत ठोके सावरणारे यंत्र बसवतात. नॅक्सॉसच्या विकारास दोन्ही पालकांकडून दोष यावा लागतो. डेस्मोप्लाकिनचा दोष बहुधा एकाकडूनच येतो, तेव्हा प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून भावंडांची व मुलांचीही ईसीजी, इको आणि गरजेनुसार एमआरआय तपासणी करतात. कुमारवयात ती निर्दोष निघाली, तरी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा करावी लागते.