श्राव्यातीत ध्वनि आणि जिवंत पेशी

कुंभाराकडून मडकें घेतांना गृहिणी त्यावर टिचकी मारून पाहते. मडकें पक्कें असेल तर खणखणीत नाद उमटतो. कोठें बारीक चीर असेल तर आवाज बद्द येतो. ती चीर डोळ्यांना दिसत नाहीं, पण कानाला कळते. पदार्थाच्या अंतरंगाची बातमी पुष्कळदां प्रकाशापेक्षां ध्वनीच अधिक खात्रीनें देतो, हें व्यवहारज्ञान फार जुनें आहे. याच ज्ञानाच्या आधारें जिवंत पेशीला स्पर्श न करतां तिचें चित्र घेण्याची विद्या गेल्या अर्धशतकांत शास्त्रज्ञांनीं साध्य केली आहे.

पेशी पाहण्यासाठीं सूक्ष्मदर्शक यंत्र असतांना ध्वनीची गरज कां भासावी, अशी शंका कोणालाही येईल. माणसाच्या रक्तांतील तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉन रुंद असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढी लहान वस्तु साधें सूक्ष्मदर्शक सहज दाखवितें. अडचण लहानपणाची नसून पारदर्शकतेची आहे. बहुतेक पेशी रंगहीन असतात आणि पाण्यांत पडलेल्या बर्फाच्या चकतीप्रमाणें दिसून न दिसल्यासारख्या होतात. म्हणून त्यांना रंग द्यावे लागतात, आणि रंग देण्यापूर्वीं बहुधा फॉर्मॅलिनसारख्या द्रवांत घालून त्यांना मारावें लागतें. म्हणजे जें पाहावयाचें तें जीवन, आणि हातीं येतें तें शव! डच शास्त्रज्ञ झेर्निके यांनीं रंगावांचून जिवंत पेशी दाखविणारी प्रकाशयुक्ति शोधून काढली व १९५३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तथापि पेशी ताठर आहे कीं मऊ, हें सांगणें त्या युक्तीचें काम नव्हे.

आतां ध्वनीनें हें काम कसें करावें? माणसाच्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंप ऐकूं येतात. पाण्यांत ध्वनि सेकंदाला सुमारे १५०० मीटर धांवतो. तेव्हां २०,००० कंपांच्या ध्वनीची एकेक लहर पाण्यांत साडेसात सेंटिमीटर लांब होते. लहरीहून फार लहान असलेली वस्तु त्या लहरीला जाणवत नाहीं. समुद्राची लांब लाट पाण्यांत रोवलेल्या काठीला वळसा घालून तशीच पुढें जाते, त्यांतलाच हा प्रकार. रुग्णालयांत गर्भाचें चित्र घेणाऱ्या यंत्रांत सेकंदाला ३० लाख कंप धरले, तर लहर अर्ध्या मिलिमीटरची होते. तिला बाळाचें बोट कळेल, पेशी कळणार नाहीं. पण कंपसंख्या १०० कोटींवर नेली, कीं लहर दीड मायक्रॉनची होते. ३०० कोटींवर नेली, तर ती हिरव्या प्रकाशाच्या लहरीएवढी आंखूड होते. ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ सोकोलोव्ह यांनीं १९३० नंतरच्या दशकांतच मांडली होती. परंतु इतके जलद कंप निर्माण करणारीं साधनें तेव्हां नव्हतीं.

तें साधन अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत कॅल्व्हिन क्वेट आणि रॉस लेमन्स यांनीं १९७३-७४ च्या सुमारास सिद्ध केलें. त्याची रचना दिसावयास साधी आहे. नीलमण्याची एक लहानशी कांडी घेतात. तिच्या एका टोंकाला झिंक ऑक्साइडचा पातळ थर असतो. विजेच्या आंदोलनांनीं कंप पावण्याचा व कंपांची पुन्हां वीज करण्याचा गुण कांहीं स्फटिकांत असतो. दाबानें वीज उत्पन्न होण्याची त्याची बाजू क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं उघडकीस आणली होती. तोच गुण या थराच्या अंगीं असतो. कांडीच्या दुसऱ्या टोंकाला अर्धगोल खळगी कोरतात व तिच्यापुढें पाण्याचा थेंब ठेवतात. नीलमण्यांत ध्वनि पाण्यापेक्षां सुमारे सातपट वेगानें जातो. म्हणून खळगींतून पाण्यांत शिरतांना तो एकदम वळतो आणि एका बिंदूवर येऊन मिळतो. खळगीच भिंग बनते. तेंच भिंग हांक मारतें आणि प्रतिध्वनिही तेंच ऐकतें. शेतकरी जसा तासाला लागून तास धरीत शेत नांगरतो, तसा तो बिंदु पेशीवरून ओळीओळीनें फिरवितात. प्रत्येक ठिकाणच्या प्रतिध्वनीच्या जोराप्रमाणें एकेक उजळ वा काळसर ठिपका उमटतो आणि ठिपक्यांचें चित्र होतें.

येथें श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. भिंग पेशीला शिवत नाहीं हें खरें. पण मध्यें पोकळी चालत नाहीं. इतका तीव्र ध्वनि हवेंत तत्काळ विरून जातो, म्हणून पेशी ज्या पोषक द्रवांत वाढते तोच द्रव मध्यस्थ असतो. तोही कांहीं उदार नव्हे: कंपसंख्या दुप्पट केली कीं पाणी चौपट ध्वनि गिळतें. यास्तव भिंग अतिसूक्ष्म करून पेशीच्या अगदीं निकट न्यावें लागतें. पाणी तापविलें तर ध्वनि कमी विरतो, पण पेशी ३७ अंशांच्या आसपासच सुखानें राहते. द्रवरूप हेलियम वापरून याहून कितीतरी बारीक चित्रें घेतलीं गेलीं. मात्र त्या भयंकर थंडीत जीवन कसलें? यंत्राची मर्यादा येथें पेशीनेंच आंखून दिली आहे.

या चित्रांतून कळतें तरी काय? पेशी बहुतांशीं पाण्याचीच असल्यामुळें तिच्या पृष्ठभागावरून क्षीण प्रतिध्वनि येतो. तिला भेदून गेलेला ध्वनि खालच्या कांचेवरून जोरानें परततो. पेशी ५ मायक्रॉन जाड असेल तर या दोहोंतील अंतर किती? सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील सुमारे ७ भाग! त्यावरून जाडी निघते. शेजारच्या उघड्या कांचेच्या प्रतिध्वनीशीं तुलना केली असतां पेशींतील ध्वनीचा वेग कळतो, आणि वेगावरून तिच्या ताठरपणाचा अंदाज बांधतां येतो. क्वेट यांच्या गटानें जिवंत पेशींचीं अशीं चित्रें १९८१ सालीं प्रसिद्ध केलीं. जर्मनींत फ्रँकफुर्ट येथें बेराइटर-हान यांनीं पुढें हेंच यंत्र पेशींच्या हालचालींच्या अभ्यासाला लाविलें.

वैद्यकाला याचें अगत्य वाटावें असें कारण आहे. कित्येक कर्करोगी पेशी निरोगी पेशींहून मऊ असतात, हें सूक्ष्म टोंकानें दाबून पाहणाऱ्या उपकरणांनीं दाखविलें आहे. परंतु दाबून कळणारा मऊपणा आणि ध्वनीनें कळणारा ताठरपणा या अगदीं एकच गोष्टी नव्हेत. जाडी, घनता व वेग यांचा गुंता सोडविणेंही कष्टाचें असतें. म्हणून रोगनिदानांत रंगविलेल्या कांचपट्टीचें स्थान ध्वनीनें घेतलेलें नाहीं. ध्वनीचें वैशिष्ट्य निराळें आहे. रंगविलेली पेशी एकदांच उत्तर देते आणि कायमची गप्प बसते. ध्वनीचा जोर व त्यापासून होणारी उष्णता बेतांत राखली, तर तीच पेशी तासाभरानें, औषध दिल्यानंतर, पुन्हां पाहतां येते. आणि मधल्या काळांत तिच्यांत काय पालटलें, हें तिच्याकडूनच समजून घेतां येतें.