कातळ पोखरणारी वाळू

वाळूच्या टेकड्या बघायच्या तर वाळवंटातच जायला हवं, असं वाटतं ना? अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात ‘ग्रेट सँड ड्यून्स’ नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे २०० मीटरहून उंच वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्या पाठीशी मोठाले डोंगर. ही वाळू वाऱ्याने उडवत आणून डोंगरांच्या पायथ्याशी रचली.

आपल्या शिरूर-दौंडकडे वाळूचा डोंगर काही नाही. पण आपल्या वाळूचा पराक्रम बघायचा असेल, तर शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीला चला. पलीकडच्या काठावर पारनेर तालुक्यातलं निघोज, मध्ये कुकडी नदी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नदीचं पात्र उघडं पडतं आणि दिसतात रांजणखळगे! काळ्या कातळात खोल गेलेले, गोल गोल, आतून गुळगुळीत. काही एकमेकांत मिसळून त्यांच्या वेड्यावाकड्या घळीच झाल्यात. गावकरी यांना कुंड म्हणतात. (मोठ्या माणसाचा हात सोडून काठावर वाकायचं नाही हं! आत पाय घसरला तर वर चढायला धरायला काहीच नसतं.)

हे खोदले कुणी? छिन्नी-हातोडा घेऊन कुणी आलं नव्हतं. पावसाळ्यात नदीला पूर येतो. कातळात कुठेतरी छोटासा खड्डा असतो, त्यात गोटे आणि वाळू अडकते. वर पाण्याचा भोवरा फिरतो आणि त्याच्याबरोबर आतले गोटेही गरगर फिरतात, ताकात रवी फिरावी तसे. फिरता फिरता कातळ घासला जातो, खड्डा खोल होतो. गोटेही झिजतात, पार बारीक होतात. मग पुढच्या पुरात नवे गोटे येऊन कामाला लागतात. असं हजारो वर्षं चाललंय.

आणि हा कातळ तरी कसला? बेसाल्ट! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरांवर थर साचले. आपला सह्याद्री त्याच थरांचा. पाऊस त्याला झिजवतो, नद्या तुकडे वाहून आणतात. कुकडी घोडनदीला मिळते, घोड पुढे भीमेला. भीमा स्वतः भीमाशंकरच्या डोंगरातून निघते. म्हणजे दौंडला घर बांधायला जी वाळू येत होती, तो सह्याद्रीचाच चुरा! नदीला तो करायला किती काळ लागला असेल, आणि ट्रक भरायला किती वेळ लागतो, याचा हिशेब तुम्हीच करा.

आता एक गंमत. मूठभर कोरडी नदीची वाळू कागदावर पसरा आणि त्यात चुंबक फिरवा. काळे कण टुणकन उडी मारून चिकटतात. ते मॅग्नेटाइट, बेसाल्टमधलं लोहखनिज. चुंबक आधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला मात्र. नाहीतर ते कण सोडवता सोडवता संध्याकाळ होईल!