किल्लीवांचून चालणारें घड्याळ

समारंभास बांधावयाचें जुनें स्विस मनगटी घड्याळ हातीं घेतलें, तर वरून मिरविण्याजोगें कांहींच दिसत नाहीं: पातळ घाट, साधी तबकडी, दोन-तीन कांटे. मौज सारी आंत आहे. मागल्या झांकणाखालीं एक अर्धचंद्राकृति वजन असतें. मनगट हललें कीं तें फिरतें, व दंतचक्रांच्या योगें मुख्य कमान गुंडाळली जाते. कमान पुरती भरली म्हणजे तिचें बाहेरचें टोंक डबीच्या भिंतीवरून घसरतें, म्हणून ती तुटत नाहीं. ही युक्ति आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते.

हारवुड ह्या इंग्रज कारागिरानें १९२४ मध्यें अशा मनगटी घड्याळाचें पेटंट स्वित्झर्लंडांत घेतलें. त्याचें वजन मात्र दोन्ही बाजूंस स्प्रिंगांवर आपटून परत येई. १९३१ मध्यें रोलेक्सनें पुरतें फिरणारें वजन आणलें. १९४८ मध्यें एटर्नानें तें पांच इवल्या गोळ्यांवर बसविलें, आणि तेच पांच ठिपके आपलें चिन्ह केलें.

अचूकपणांत आज बॅटरीचें स्वस्त घड्याळहि ह्यास मागें टाकतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ह्याची ओढ निराळी. तें आपल्याच हिंडण्याफिरण्यावर जगतें. वडिलांची आठवण म्हणून कपाटांत जपून ठेवावें, तर दीड-दोन दिवसांत तें थांबतें.