हवा गेली की ब्रेक लागतो

रेल्वेच्या सगळ्या डब्यांखालून एक ब्रेक पाइप जातो. त्यात हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. दाब उतरला, की प्रत्येक डब्याखालच्या टाकीत साठवलेली हवा ब्रेक आवळते. म्हणून पाइप फुटला, डबे तुटून वेगळे झाले, तरी गाडी आपोआप थांबते. साखळी ओढल्यावरही याच पाइपमधली हवा सुटते.

जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८६९च्या पहिल्या ब्रेकची रचना उलट होती: पाइपमध्ये हवा भरली तरच तो लागे, नळी फाटली की संपलं. १८७२मध्ये त्यांनी ती फिरवली. रेल्वेच्या इतिहासात इतक्या जिवांना वाचवणारे शोध थोडेच असतील.

तरीही ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला तो १८८९मध्ये. त्या वर्षी १२ जूनला आयर्लंडमधल्या आर्मा इथे सहलीच्या गाडीचे सोडवलेले डबे चढावरून मागे घसरले. सुमारे ८० जण मृत्युमुखी पडले, त्यांत कितीतरी मुलं होती.

मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला हँडल दाबून धरावं लागतं, तेही ‘काही बिघडलं की गाडी आपोआप थांबावी’ याच विचारातून. त्याला भोवळ आली, हात सैल पडला, तर ब्रेक लागतात.