जुन्या बाकांना नवे रूप



गेल्या वर्षी एका मंडळीने उपासनामंदिरासाठी नव्या खुर्च्या घेतल्या आणि जुने अकरा लाकडी बाक धडगाव भागातील आपल्या वसतिगृहाला दिले. आपली मुले जमिनीवर बसून, मांडीवर वही घेऊन लिहीत असत. आता बाकाच्या फळीवर वह्या ठेवता येतील, या आनंदात मी ते त्याच संध्याकाळी अभ्यासाच्या खोलीत मांडले. चौथ्या दिवशी वर आलेल्या खिळ्याने पाचवीतल्या एका मुलाच्या मनगटाजवळ जखम झाली. दवाखान्यात नेऊन टाके घालावे लागले, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे लागले. चूक देणाऱ्यांची नव्हती. न तपासता बाक मांडले, ही चूक माझी.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे बाक अंगणात काढले आणि गावातल्या सुतारदादांच्या मदतीने दुरुस्त केले. आपल्यालाही हे घरी किंवा मंडळीत करता येईल, म्हणून पद्धत सांगतो.

प्रथम बाक हलवून पाहा. डुगडुगत असेल तर सांधा सुटला आहे. जुना सरस खरवडून काढा, फेविकॉल लावा, दोरीने घट्ट आवळून एक दिवस तसेच ठेवा. गंजलेले खिळे उपटून त्याजागी स्क्रू बसवा. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळत असेल तर लाकडाला कीड आहे. आधी औषध घाला. फळी पोखरलेली असेल तर बदला.

जुना रंग काढताना काळजी घ्या. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम आपल्या देशात 2016 साली झाले. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांना फार अपायकारक असते. म्हणून मुलांना दूर ठेवा, नाकातोंडावर मास्क बांधा, वॉटर पेपर ओला करूनच घासा आणि निघालेला गाळ कागदावर गोळा करा.

लाकूड दोन दिवस सुकू द्या. मग 80, 120 आणि शेवटी 220 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा. या वेळी निघालेला स्वच्छ भुसा फेविकॉलमध्ये कालवला की भेगा भरायला घरचीच लांबी तयार होते. शेवटी रंगाच्या दुकानात मिळणारे बॉइल्ड जवसाचे तेल फडक्याने चोळा, जास्तीचे पुसून घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात द्या. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून मात्र कधीही ठेवू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. त्या बाहेर पसरून वाळवा. ओल लागू नये म्हणून पायांखाली जुन्या टायरचे तुकडे ठोका. हे सारे काम पावसाळ्यापूर्वी आटोपावे. सातपुड्यातल्या पावसात काहीच सुकत नाही.

तिसरा बाक घासून झाला तेव्हा नववीतला एक पावरा मुलगा जवळ आला. रंगाखालचे लाकूड पाहून म्हणाला, "सर, हा तर साग! आमच्या डोंगरात असतो तो." इतकी वर्षे त्या बाकांवर बसून कोणी प्रार्थना केली असेल, पण ते कशाचे आहेत हे त्याने ओळखले. उरलेल्या बाकांना तेल त्यानेच लावले. ज्याच्या मनगटाला लागले होते, तो आज त्यातल्याच एका बाकावर वही ठेवून गणिते सोडवतो.

शूनेमच्या बाईने अलीशासाठी माडीवर खोली तयार केली, तेव्हा पलंग, मेज, खुर्ची आणि दिवा ठेवला. पाहुण्यासाठी मांडावे तसे तिने ते मांडले. आपण देतो त्या वस्तूलाही हीच कसोटी लावू या: आपल्या घरी आलेल्या पाहुण्याला मी यावर बसवीन का? आपल्या मंडळीत जुने सामान पडून असेल तर तरुण संघाने दोन शनिवार त्यावर घालवावेत, आणि मग पाठवावे. ते जमत नसेल तर पॉलिश पेपर, स्क्रू आणि तेल पाठवा. दुरुस्ती आमची मुले करतील. आता त्यांना ती येते.

आमच्यासाठी प्रार्थना करीत राहा.