गावाचा पैसा आणि गावची सभा

दवंडी अजूनही होते. फरक एवढाच, की पूर्वी ती हलगीवर होत असे आणि आता देवळावरच्या कर्ण्यातून किंवा मोबाईलवरून येते. ‘येत्या मंगळवारी ग्रामसभा आहे हो, सर्वांनी हजर राहावं!’ ऐकणारा मान डोलावतो आणि द्राक्षबागेच्या फवारणीला निघून जातो. थांबवून विचारलं तर म्हणतो, ‘मास्तर, तिथं जाऊन करायचं काय? ठरायचं ते ठरलेलंच असतं.’

हे बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. वर्गात पंचायत राज्य शिकवणारा मी स्वतः कित्येक वर्षे माझ्या गावच्या सभेकडे फिरकलो नव्हतो.

वास्तविक सातारा आणि सांगली या भागाला ही गोष्ट परकी नाही. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. बेचाळीसच्या चळवळीत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली, ती याच मुलखात. देवराष्ट्रे गावी जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना जिल्हा परिषदांचा १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून त्या कामाला लागल्या. वाळवे तालुक्यात जन्मलेल्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा पहिला प्रयोगही १९६९ साली तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरातच झाला. मागेल त्याला काम, ही कल्पना पुढे राज्याच्या कायद्यात आली आणि २००५ साली केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला. म्हणजे जे देशाने उचलले त्यातले काही आपल्या शिवारातून गेलेले आहे. असो. जुन्या पुण्याईवर आजची सभा भरत नाही.

आता पैशाकडे वळू. ग्रामपंचायतीकडे पैसा येतो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट आपल्या घरून जाते: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजारकर. याला स्वउत्पन्न म्हणतात. दुसरी वाट वरून येते. तिच्यात वित्त आयोगाचे अनुदान सर्वांत मोठे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ठरलेला हिशेब असा होता: शंभर रुपयांपैकी साठ रुपये पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेले, आणि चाळीस रुपये गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायला मोकळे. पगार मात्र त्यातून करायचा नाही. महाराष्ट्रात या अनुदानाचे ऐंशी टक्के ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समितीला व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी होती. आपल्या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात दाद मागायला लोकांनी निवडलेले ठिकाण गावातच तेवढे उरले होते.

स्वउत्पन्नाची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण तिच्यावर काही हक्क आधीच लिहून ठेवलेले आहेत. मागासवर्गीयांसाठी पंधरा टक्के, महिला व बालकल्याणासाठी दहा टक्के, दिव्यांगांसाठी पाच टक्के खर्च करायचा असतो. हे उपकार नव्हेत.

माझ्या एका चुलतभावाचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला. कष्टाळू माणूस, कुणापुढे हात पसरायचा नाही, असा त्याचा बाणा. या पाच टक्क्यांची त्याला गंधवार्ता नव्हती, आणि लाजेची गोष्ट म्हणजे मलाही नव्हती. गावाचे नाव सांगत नाही. एका सभेत जमाखर्चाचा कागद वाचून दाखवताना त्या निधीतून सभागृहाच्या खुर्च्या घेतल्याचे निघाले. वहिनी मागच्या बाजूला बायकांत बसल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, ‘त्या खुर्च्यांवर आमच्या घरचं माणूस कधी बसलेलं मी तरी बघितलं नाही.’ सभा क्षणभर गप्प झाली. कुणी भांडले नाही. सरपंचांनी मान्य केले, ठराव इतिवृत्तात लिहिला गेला आणि पुढच्या वर्षी गावातल्या सगळ्या दिव्यांगांची यादी लागून प्रत्येकाला मदत मिळाली. आधीची वर्षे गेली ती गेलीच.

यातली मेख अशी, की वहिनी बोलल्या ते इतिवृत्तात उतरले. चावडीवर, पारावर शंभर वेळा बोललेले कुठेच उतरत नाही. म्हणून सभेला जावे, आणि जाताना मागणी कागदावर लिहून न्यावी. एक प्रत दप्तरी द्यावी, दुसरीवर पोच घ्यावी. वर्षाचा विकास आराखडा साधारणपणे दोन ऑक्टोबरच्या सभेपासून पुढे तयार होतो. त्यात नाव नसलेले काम नंतर घुसवणे फार अवघड. रस्ता खचला की पावसाळ्यात ओरडायचे आणि आराखड्याच्या वेळी घरी बसायचे, ही आपली जुनी खोड आहे.

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हे ज्यांना ठाऊक आहे ते दुसऱ्या सभेची वाट पाहतात! बायकांची सभा ग्रामसभेच्या आधी वेगळी घ्यायची असते; ती नुसती सह्यांवर उरकली जाऊ नये, एवढे तरी घरातल्या पुरुषांनी पाहावे.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री या शहरात १९८९ पासून नागरिकांनी एकत्र बसून पालिकेचा काही खर्च ठरवला, त्याची जगभर वाहवा झाली. पण फार लांब कशाला जा? कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ साली श्रमदान करून पाणलोटाच्या कामात राज्यात पहिला क्रमांक मिळवला. पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली.

खर्चाचे आकडे आता ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावनिहाय दिसतात. कॉलेजात जाणारे पोर घरात असेल तर त्याला पाच मिनिटांचे काम. आमचा चुलतभाऊ पुतण्याकडून ते काढून घेतो, घडी करून खिशात ठेवतो आणि सभेत पुढच्या रांगेत, त्याच खुर्च्यांपैकी एकीवर, येऊन बसतो.